वाकडी भिंत

शाळा चौथीतच सुटली, पण माझ्या भिंतीला कोणी नावं ठेवली नाहीत. ओळंब्याची दोरी सोडली की खालचा लट्टू भिंतीला नुसता शिवला पाहिजे. दूर राहिला तर भिंत पाडायची. गवंडीकाम शिकवणाऱ्या उस्तादानं हेच शिकवलं होतं.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. नागपुरात गाणी रेकॉर्ड करणाऱ्या एका ठिकाणी मागच्या अंगाला रिकामी खोली बांधायचं काम मला मिळालं. खिडकी नाही, कोनाडा नाही. तिथले इंजिनियर साहेब पुण्याकडचे. त्यांनी समजावलं, "गाणारा पलीकडे गाईल. त्याचा आवाज इथे कर्ण्यातून सोडायचा, भिंतींवर घुमू द्यायचा, माइकनं उचलायचा आणि गाण्यात मिसळायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, देवळाच्या सभामंडपात गातोय."

मी भिंती अशा घोटल्या की हात घसरावा.

साहेबांनी आत येऊन टाळी वाजवली. घुमणं दूरच, टर्रर्र असा आवाज निघाला, पत्र्यावर चणे सांडल्यासारखा.

"मिस्त्री, भिंती फार सरळ झाल्या. आवाज समोरासमोर आपटत राहतो. एक भिंत कलती करा."

"तिरपी भिंत बांधणारा दुसरा पाहा जी," मी म्हटलं आणि थापी पिशवीत टाकली. वाकडी भिंत बांधली तर गवंड्यांत तोंड कसं दाखवू?

दुसऱ्या दिवशी पराती, फळ्या न्यायला गेलो. रुंद फळ्या एकेक करून भिंतीला कलत्या लावून ठेवल्या. जाता जाता रागानंच टाळी वाजवली. टर्रर्र नाही. फळ्या काढल्या, पुन्हा वाजवली. टर्रर्र. पुन्हा लावल्या. दुपारपर्यंत मी हेच करत होतो. साहेबाचं ऐकलं नसतं, पण माझ्या कानाचं कसं नाकारू?

मग त्या भिंतीला आतून विटांचा भराव दिला. खाली वीतभर, वर काहीच नाही. पुन्हा घोटली. आता टाळी मारली की आवाज उमलायचा आणि सावकाश विरायचा.

बातमी उस्तादाच्या कानी गेली. म्हातारा ओळंबा घेऊनच आला. दोरी सोडली. वरून भिंतीला टेकलेली दोरी खाली भिंतीच्याच अंगावर लोळली.

"काहून गा, पिऊन बांधली का?"

"नाही उस्ताद. मोजून वाकडी केली. बोलून तं पाहा."

उस्ताद खाकरला. खोली त्याचं खाकरणं धरून राहिली. तो दचकला, मग हळूच "विठ्ठल" म्हणाला. ते पुरतं विरेपर्यंत मान वर करून उभा राहिला. मग दोरी बोटाला गुंडाळत त्यानं विचारलं, "बाहेरून सरळ आहे न?"

"लट्टू शिवते."

"मंग माह्या हातचा शिकला म्हणून सांगत जा. आतलं नको सांगू."

बाहेरचं मी कधी कोणाला सांगितलं नाही. सरळ भिंत कोणीही बांधतो. पानठेल्यावरच्या रेडिओत भजन घुमलं की मी आतलंच सांगायचो. लोक हसायचे, म्हणायचे, "गाण्यात भिंत कुठं असते गा?"



मी म्हणायचो, "नीट ऐक."