कड्यावरची काढलेली पायरी

दोन हजार सतरा साल. माझं वय सत्तावन्न, निवृत्तीला वर्ष उरलेलं. तो शनिवार मी अजून विसरलेलो नाही. सातवी शिकून मी शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन बाहेर पडलो. माणूस बघूनच चोर ओळखतो, अशी माझी ख्याती होती. मलाही ती खरी वाटायची.

भिवंडीजवळ आमच्या हद्दीत एक डोंगर आहे. सुट्टीच्या दिवशी मुंबई-ठाण्याची माणसं तिथे चढायला येतात. खबऱ्या म्हणाला, "साहेब, पायथ्याला खंडणी चाललेय. पाड्यावरचा म्हातारा माणशी वीस रुपये घेतो. पावती न्हाय, काय न्हाय."

दुपारी जीप पाठवून म्हाताऱ्याला चौकशीला आणला. जीप बघताच बाकीचा पाडा रानात पळाला. मी स्टेशन डायरीला नोंद करायला लावली आणि त्याला समोर बसवला.

"पैसे कुठं घातलेस?"

"वाटंला."

"पावती दाखव."

"वाट हाय ना. जाऊन बघा."

माझा पारा चढला. "मला अक्कल शिकवतोस? बस आता इथंच, उद्या बघू."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "साहेब, मारा मला, पन आज सोडा. कड्यावरची पायरी हलत व्हती, ती काढून ठेवलेय. उद्या सकाळी नवा दगड बसवायचाय. तवर निस्ती फांदी टाकलेय."

सुटण्यासाठी माणूस काहीही सांगतो, हे मी नोकरीभर ऐकलं होतं. मी चहा मागवला. पण आमची महिला शिपाई, डोंगराकडचीच पोर, दारात थबकली. "साहेब, आमच्यात वाटेवर आडवी हिरवी फांदी म्हणजे पुढं जाऊ नको. शहरातली माणसं ओलांडून जातील. पहाटेच चढतात ती."

मी चहा बाजूला सारला. सामान कुठून घेतोस, असं म्हाताऱ्याला विचारलं आणि त्याने सांगितलेल्या, शेलार गावातल्या हार्डवेअरवाल्याला फोन लावला. "बाबा? अरे साहब, हर सोमवार आता है. सीमेंट, छेनी, सळई, सब वाट के लिए. चाय भी अपने पैसे की पीता है."

प्रकरण तिथेच फुटलं, पण उलट्या बाजूने. म्हाताऱ्याला उचलला मी, पाडा पळवला मी. कड्यावर उभं राहून लोकांना अडवायला कोणी उरलंच नव्हतं.

स्वतःसाठी गयावया करणारा आणि दुसऱ्यासाठी करणारा, दोघांचा आवाज सारखाच असतो. ऐकणाऱ्याने आधी तोंड बंद ठेवावं, हे मी तेव्हा शिकलो. म्हाताऱ्याची माफी मात्र मागितली नाही. तो माझा स्वभावच नाही.

त्याला सोडला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत त्याच्या मागोमाग डोंगर चढलो. फांदी कुणीतरी बाजूला फेकली होती. पालथा पडून कड्याखाली बॅटरी मारली. झुडपं, दगड, पाण्याची एक बाटली. माणूस नव्हता.

नवा दगड बसेपर्यंत मी वर्दीत वाटेवर आडवा उभा राहिलो. म्हातारा छन्नी ठोकता ठोकता म्हणाला, "बरं झालं. साहेबाला कोन वलांडत न्हाय."

वर आलेल्या टोळक्यातला एकजण हसला, "काय अंकल, पोलीसपण वसुलीला?"

मी खिशातून वीसची नोट काढली आणि सगळ्यांसमोर म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. पावती मागितली नाही.