बाकावर बसून राहिलेला माणूस

कबुलीजबाब ही पवित्र गोष्ट असते, असं मी नव्या शिपायांना गंभीर चेहऱ्याने सांगत असे. आमच्या बुऱ्हाणपूरच्या ठाण्यात तो घेण्याची खोली जप्तीच्या सायकलींनी भरलेली होती. पवित्र म्हणावं असं तिथे एकच देवाचं कॅलेंडर होतं, तेही मागच्या वर्षाचं.

एक प्रकरण मात्र डोक्यातून गेलेलं नाही. शाहपूरच्या बाजूला एका शेतकऱ्याची घडांनी लगडलेली केळीची बाग एका सकाळी आडवी झालेली सापडली. सगळी खोडं बुंध्यापासून कापलेली. मालकाने बांधावरून भांडणाऱ्या चुलतभावाचं नाव घेतलं आणि मी त्याला अटक केली. पुरावा काय, तर त्याच्या घरी कोयता सापडला. केळीच्या पट्ट्यात कोयता कोणाच्या घरी नसतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. तो जेलमध्ये गेला. त्याची बायको रोज येऊन ठाण्याच्या पायरीवर बसायची.

चर्चच्या फाटकाशी मेणबत्त्या विकणारी एक मावशी नाताळच्या बंदोबस्तामुळे ओळखीची होती. तीन आठवड्यांनी ती मला म्हणाली, "साब, त्या बाईचा नवरा सोडा. तुमचा माणूस तर इथं बाकावर बसून राहतो."

कॅथलिक लोकांची रीत अशी की, मोठं पाप केलं असेल आणि ते फादरपाशी कबूल केलं नसेल, तर रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही. त्या बागेचा जुना रखवालदार एरवी प्रसादाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असायचा. बाग कापली गेल्यापासून तो जागचा उठत नव्हता.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. दोन तास तो एकच सांगत राहिला, "मी त्या दिवशी धूलकोटला बहिणीकडे होतो."

शेवटी मी विचारलं, "मग प्रसाद का घेत नाहीस?"

त्याचा चेहरा उतरला. "साब, तिथं खोटं कसं चालेल?"

"आणि इथं चालतं?"

"इथं तर सगळेच बोलतात."

मग सगळं बाहेर आलं. मालकाने चोरीचा आळ घेऊन भर बाजारात त्याच्या थोबाडीत मारली होती. त्याचा राग त्याने बागेवर काढला. फक्त एकच मागणं होतं: आधी फादरकडे जाऊ द्या, मग कोयता दाखवतो.

हवालदार हसला. "जाऊ द्या साहेब. वरूनच माफी आणेल, आपली केसच खतम!"

मी देव मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. तरी त्याला जाऊ दिलं, एकटं. अर्ध्या तासाने तो परत आला.

"मिळाली माफी?"

"मिळाली."

"मग घरी जायचं होतंस."

"मिळाली म्हणून तर आलो, साब. नसती मिळाली तर पळालो असतो. देवानं माफ केलं, पण तो बिचारा अजून आतच आहे ना."

कोयता त्याने पडक्या विहिरीतून काढून दिला. पंचनामा झाला. बागेचा मालक ठाण्यात येऊन ओरडला, "देवानं माफ केलं म्हणे! देवाची बाग होती का रे?"

"नाही दादा, तुमचीच होती. म्हणून तुमच्याकडंही आलो."

मालकाने माफ केलं नाही. शिक्षा झाली, ती रखवालदाराने निमूट भोगली. चुलतभाऊ सुटला, तेव्हा मी त्याच्या घरी माफी मागायला गेलो. त्याच्या बायकोने माझ्या तोंडावर दार लावलं. तिचं बरोबर होतं.

पाप सांगितलं की सुटका, हा सोयीचा धंदा आहे, असं मला अनेक शहाण्यांनी ऐकवलं आहे. मीही पूर्वी तेच म्हणायचो. पण माझ्या दंडुक्याच्या भीतीने माणसं फक्त चांगलं खोटं बोलायला शिकली. हा एक माणूस भीती गेली म्हणून परत आला. ज्यांना असली क्षमा स्वस्त वाटते, त्यांनी ती घेऊन ठाण्याची पायरी चढून दाखवावी. मी हे भर सभेतही म्हणेन.

संशयिताला रोजनामच्यात नोंद न करता बाहेर सोडलं म्हणून वरिष्ठांनी माझा खुलासा मागवला. मी एकच ओळ लिहिली: तो परत आला. खुलासा असमाधानकारक ठरला आणि मिळालेली ताकीद निवृत्तीपर्यंत माझ्या सेवापुस्तिकेत राहिली.