आप्पांच्या नावापुढची खूण

ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. हजर: मी, माझा नवरा, बॉयलरवरचे आप्पा, पॅकिंगमधली माझी मैत्रीण आणि वाटाड्या. एकूण पाच.

ही ओळ माझ्या खिशातल्या वहीत आहे. वाटाड्या सोडला तर आम्ही सगळे कुरकुंभच्या एकाच कारखान्यातले. मी तिथं स्टोअर सांभाळते आणि यादीशिवाय घराबाहेर पडत नाही. या ट्रेकचीही केली होती: दोन तंबू, शिधा, दोर, बॅटऱ्या, प्रत्येकाच्या सॅकचं वजन. जुन्नरच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर एक मुक्काम, रविवारी परत. पावसाळा संपला असं धरून रेनकोट मी स्वतःच खोडले होते.

बेत मुळात आप्पांचा. ते मार्चमध्ये निवृत्त होणार होते. सगळा सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे असं नातीच्या पुस्तकात वाचल्यापासून ते थर त्यांना हातानं चाचपून बघायचे होते. शिरूरला चहाला थांबलो तेव्हा नवरा म्हणाला, "आप्पा, उभा जन्म बॉयलरपुढं शेकलात, आन् सुट्टीतबी आगीचाच डोंगर?"

"आरं, त्यो इझलेला हाय," आप्पा म्हणाले. "त्याला राखायला माणूस लागत न्हाई."

दुपारी कडा चढून पठारावर आलो. काळ्या कातळाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक होते आणि आप्पा दर दहा पावलांवर वाकत होते. तेवढ्यात समोरच्या दरीतून ढग वर आला. हातभर अंतरावरचं दिसेना. मग विजा, आणि गारा.

"तंबू न्हाई टिकायचा," वाटाड्या ओरडला. "वढ्याच्या पल्याड कपार हाय, पळा!"

ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. पुढच्याचा हात धरून ओलांडलं; सगळ्यात मागं कोण आहे ते ढगात दिसत नव्हतं. पलीकडे पोचताच मी वही काढली आणि मान खाली घालूनच हजेरी घेतली. आप्पांचं नाव पुकारलं. "हाय!" उत्तर आलं. मी खूण केली.

आवाज नवऱ्याचा होता. तो मी ओळखलाही.

हे बाहेरच्याला सांगावं लागेल. कारखान्यात अधूनमधून आगीचा सराव होतो. भोंगा वाजला की सगळ्यांनी मैदानात जमायचं आणि मी हजेरी घ्यायची. पेटता बॉयलर सोडून आप्पांना येता यायचं नाही, म्हणून त्यांच्या नावाला नवरा 'हाय' म्हणायचा आणि मी खूण करायचे. कैक वर्षं हेच चाललं होतं. आप्पा कुठं आहेत ते तेव्हा आम्हा दोघांना पक्कं ठाऊक असायचं. त्या दिवशी नव्हतं.

कपारीत मैत्रिणीनं थर्मासमधून पाच कप भरले. एक उरला.

"आप्पा कुठायत?" तिनं विचारलं.

नवरा माझ्याकडं बघायला लागला. "मला वाटलं, मागंच हायत."

ओढा एवढ्यात कमरेला लागला होता. वाटाड्यानं दोन वेळा प्रयत्न केला आणि मागं फिरला. पाणी उतरेपर्यंत आम्ही हाका मारत काठावर उभे राहिलो. पाण्याच्या आवाजात त्या कुठं पोचणार? दोर बांधून पलीकडे गेलो तेव्हा आप्पा एका खडकाला टेकून बसले होते. घोटा मोडलेला, ओठ निळे, मुठीत स्फटिकाचा दगड.

"माझं नाव आइकलं मी," ते हळूच म्हणाले. "वरडणार, तवर कुनीतरी हाय म्हनलं."

जुन्नरच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. पाठोपाठ न्यूमोनिया झाला. केडगावहून त्यांची सून आली. "मागं राहिलेच कसे हे?" तिनं मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आप्पाच म्हणाले, "दगडं येचत बसलो. ह्यांनी लई हाका मारल्या, माझंच ध्यान न्हवतं."

वही माझ्या हातात होती. मी ती पर्समध्ये ठेवली.

आप्पा आता निवृत्त झालेत. घोटा जुळला, काठी सुटली. पूर्वी ते पहाटे एकटेच स्टेशनपर्यंत चालत जायचे. आता सून फाटकाबाहेर सोडत नाही. "त्यांना ध्यान राहत न्हाई, ताई, तुम्ही तर बघितलंय," ती म्हणते. तिचं काय चुकलं? तिला सांगितलं तेच ती धरून चालली आहे. आप्पा अंगणातल्या खुर्चीत बसून रस्ता बघतात. मागच्या वेळी मी तब्येत विचारली तर म्हणाले, "बरं हाय. मला राखायला माणसं हायत."

कारखान्यातली हजेरी मी बदलली. सरावाला मी आधी बॉयलरपाशी जाते, तिथला माणूस डोळ्यांनी बघते, मगच खूण करते. नवऱ्यानं चार वेळा म्हटलं, "आपण दोघं जाऊन सुनेला खरं सांगू." जायचं ठरतं, मग काहीतरी निघतं. ते काहीतरी बहुतेक वेळा मीच काढते.

या रविवारच्या यादीत गॅसची नोंदणी, पाण्याची टाकी धुणं, चार रेनकोट आणि केडगाव. पहिली तीन कामं दुपारच्या आत झाली.