आठ सेकंद

इमारतींच्या विजेची आखणी करण्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली, पण स्वस्थ बसणं काही त्यांना जमलं नाही. कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्विचबोर्डाला हात लावून बघायच्या, गरम तर लागत नाही ना. नवरा वैतागायचा, "अगं, आधी माणसांची तरी विचारपूस कर!"

त्या दिवशी त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं, आणि तेही बाईंनीच ऐन उमेदीत विजेची आखणी केलेल्या हॉस्पिटलात. बाई बाहेर येरझारा घालत होत्या आणि अचानक दिवे गेले.

जनरेटर सुरू व्हायला आठ सेकंद लागतात, हे त्यांना पाठ होतं. तेवढा वेळ ऑपरेशनची खोली बॅटऱ्यांवर चालावी म्हणून त्या मालकांशी हमरीतुमरीवर आल्या होत्या. पण त्या बॅटऱ्यांकडे नंतर कुणी ढुंकून तरी पाहिलं असेल का? दिवे परत आले, तरी बाईंना राहवेना. जिना उतरून त्या तडक बॅटरीच्या खोलीत शिरल्या.

तिथला वायरमन दचकला. "कोण हवंय, ताई?"

"बॅटऱ्या कधी बदलल्या?"

"गेल्याच वर्षी. दर महिन्याला तपासतोही. इथल्या नकाशावर कुणीतरी तसं बजावूनच ठेवलंय."

"मीच ती," बाई कशाबशा म्हणाल्या आणि धावत वर आल्या.

थोड्या वेळानं सर्जन बाहेर आले. "आई छान आहेत."

"मघाशी दिवे गेले तेव्हा?"

"गेले होते? आम्हाला तर कळलंच नाही."

बाई हसल्या. आईकडे जाताजाता त्यांनी भिंतीवरच्या स्विचबोर्डाला हात लावून बघितला.