अर्धापूरच्या दोन ब्रँच

नांदेडच्या ऑफिसात मी लागले तेव्हा सगळ्यांत जुना लॅपटॉप माझ्या वाट्याला आला. त्यावर विंडोज धड चालेना, म्हणून मी त्याच्याऐवजी हलकं, फुकट मिळणारं लिनक्स टाकलं. मालकाचा आणि लातूरला बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्याचा लॅपटॉप नवाकोरा, विंडोजवाला. अर्धापूरच्या केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहीत होतो. वजनकाट्याचा भाग माझा, बिलांचा त्याचा. हे काम जमलं की मला कायम करणार होते.

ज्यानं त्यानं आपलं काम ऑफिसच्या सर्व्हरवर वेगळ्या ब्रँचमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतंत्र प्रतीत, ठेवायचं आणि ब्रँचला गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव द्यायचं, ही मालकाची पद्धत. मी इंग्रजीत अर्धापूर सगळं छोट्या अक्षरांत लिहिलं, सहकाऱ्यानं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं. सर्व्हरवर आणि माझ्या लिनक्सवर त्या दोन वेगळ्या ब्रँच. पण लॅपटॉपवर ब्रँच तिच्या नावाच्या फायलीत नोंदली जाते, आणि विंडोजला फायलीच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच. तिथं दोन्ही एकाच जागी जाऊन बसल्या आणि माझी झाकली गेली. तेव्हा हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

काम बघायला मालक नांदेडला आले. त्यांच्या लॅपटॉपवर बिलं दिसली, काटा कुठेच नाही.

"मॅडम, इतके दिवस काय करून राहिल्या तुम्ही?"

"सर, सगळं सर्व्हरवर हाय. माझ्या लॅपटॉपवर बघा ना एकदा."

"त्या डबड्यात काय बघू? मला दिसत न्हाई म्हंजे न्हाई."

शेजारच्या टेबलापर्यंत यायचंही त्यांच्या जिवावर आलं. त्याच आठवड्यात मला नारळ मिळाला.

पुढे लातूरच्या सहकाऱ्याचा फोन आला. "ताई, तुमचं काम सापडलं बघा. नावाचा घोळ झालता. आता सायबांनी सगळ्यांना छोटी अक्षरंच लिवायला लावलीत."

"आन् काटा?"

"जोडला की. लई भारी चालून राहिला."

"मग मला परत बोलावलं का सायबांनी?"

"न्हाई, ताई. तुमच्या जागी दुसरा घेतलाय. पण काट्यात एक अडचण येऊन राहिली, त्याला काही कळंना. सायेब म्हनले, तुम्हाला विचारून घे."

"त्यांना म्हणावं, स्वतः फोन करा," एवढं बोलून मी फोन कापला.

त्यांचा फोन काही आला नाही. आला असता तर मी मुकाट्यानं सगळं सांगितलं असतं, आणि याचाच मला जास्त राग येतो.