मी बिघडवलेली चांदणी

भाईने फलकावर माझं नाव घातलं नाही, तो राग मी गिळला असता. पण चाचांना त्याने फाटकावरून परत पाठवलं, ते मात्र मी सोडलं नाही.

गुजरातच्या दंगलीला दोन-तीन वर्षं झाली होती. मी सुरतेत साड्यांच्या एका डिझाइन स्टुडिओत ट्रेसिंग करायची. आम्ही मूळचे खानदेशचे, वडील सुरतेतल्याच गोडादऱ्यात लूमवर कामाला. स्टुडिओच्या मालकाला सगळे भाई म्हणत. चाचा तिथे छपाईचे लाकडी ठसे कोरायचे. ते नमाजाला गेले की मी त्यांच्या पाटावर बसून कंपास फिरवून बघायची. एकदा मी त्यांना सापडले, तर ओरडायचं सोडून त्यांनी शिकवायलाच घेतलं. एक चौकोन, त्यावर तिरका दुसरा, झाली आठ टोकांची चांदणी. "बीच का नुक्ता एक है, बेटी," ते मधल्या बिंदूवर बोट ठेवून म्हणायचे, "बाकी सब उसीसे निकलता है."

कापडाच्या प्रदर्शनात भाईला दर्शनी भिंतीसाठी काहीतरी नवं हवं होतं. मी सुचवलं की मशिदीच्या जाळीसारखी भिंत करू, पण लोकांनी हाताने फिरवायची. लाकडी चौकोन खुंट्यांवर बसवायचे, प्रत्येकावर चांदणीचा पाव भाग. फिरवाल तशी नक्षी बदलणार. चौकोन दोन जातींचे, उजवे आणि डावे. एकाच जातीचे चार जवळ आले तरच चांदणी पुरी व्हायची. आखणी माझी, कोरीवकाम चाचांचं. दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही. चाचांच्या अंगठ्याचं कातडं सोलून निघालं होतं.

उद्घाटनाला फलक लागला. संकल्पना आणि रचना, खाली फक्त भाईचं नाव. चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते. भाईने त्यांना फाटकातच गाठलं.

"चाचा, तुम्ही आज नका थांबू. वातावरण अजून निवळलं नाही. लोकं उगीच विचारतात."

चाचा "जी" म्हणाले आणि वळले. मी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते. आत लोक त्यांच्याच चांदण्या फिरवून हसत होते.

तिसऱ्या दिवशी मोठे व्यापारी येणार होते, भिंत आवडली तर त्यांच्या सगळ्या दुकानांचं काम भाईला मिळणार होतं. दुपारी सगळे जेवायला गेले. मी मधल्या चांदणीतले दोन उजवे चौकोन काढले आणि तिथे दोन डावे बसवले. 

व्यापारी आले. भाईने ऐटीत मधली चांदणी जुळवायला घेतली. एक चौकोन फिरवला, दुसरा फिरवला. नाही जुळली. पुन्हा पहिला. मानेवरून घाम उतरायला लागला. एक म्हातारे व्यापारी म्हणाले, "तुम्हीच केलंय ना हे?"

भाईने मला खूण केली. "ए, जरा बघ तर."

"मला काय कळतं, भाई?" मी म्हणाले. "मी तर ट्रेसिंग करते."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले आणि पुढच्या दालनाकडे निघाले. त्या वेळचं भाईचं तोंड मला आजही जसंच्या तसं दिसतं, आणि आजही बरं वाटतं.

संध्याकाळी त्याने मला काढून टाकलं. घरी आईने अहिराणीत विचारलं, "काय जयं वं?" मी म्हणाले, "काम गयं." तिने भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या घरी गेले. मला वाटलं होतं, ऐकून खूश होतील. त्यांनी सगळं ऐकलं, आणि अंगठा चोळला.

"झगडा उससे था, बेटी. चांदनी ने क्या किया था?"

मी रडले नाही. म्हणाले, "त्याने तुम्हाला हाकललं."

"हां, हाकला," ते म्हणाले. मग उठून त्यांनीच चहा टाकला.

ते मला कधीच शाबास म्हणाले नाहीत. पुढे सुरतेजवळच्या सचिन गावात एका छपाईच्या कारखान्यात मला काम लागलं, तेव्हा मी नमुन्यांसाठी त्यांचेच ठसे मागवले. त्यांनी पाठवले, एकही वाकडा नव्हता. ती चांदणी बिघडवल्याचं मला वाईट वाटतं. भाईचं मात्र नाही, अजूनही नाही.