कव्हर नसलेली बत्तीस पानं

बाबांच्या हातात कुठलंही पुस्तक दिलं की ते आधी उघडत नसत. उभं धरायचे, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवायचे आणि निकाल द्यायचे, "कटिंग वाकडा." माझं इतिहासाचं पुस्तक, बँकेचं पासबुक, देवघरातली पोथी, कुणाचीच यातून सुटका नव्हती. बाबा भांडुपच्या एका छापखान्यात बाइंडर होते. आत काय लिहिलंय याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर, पण पुस्तक टेबलावर नीट उभं राहिलं नाही तर तो बाइंडरचा नालायकपणा, असं त्यांचं मत होतं.

आम्ही मुलुंडला राहायचो. घरोघरी नुकते रंगीत टीव्ही यायला लागले होते आणि आमच्याकडे अजून काळा-पांढराही नव्हता. आमची करमणूक म्हणजे कॉमिक्स. मी बाराची, भाऊ नऊचा. स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडे महिन्याला दोन नवे अंक यायचे, ते आम्ही घ्यायचोच. पण सुटं कॉमिक घरात टिकत नाही. शेजारचं कोणी "वाचून देते" म्हणून नेलं की ते गेलंच म्हणायचं. म्हणून आमच्या गल्लीत बऱ्याच घरी वर्षभराची कॉमिक्स एकत्र बांधून घ्यायची पद्धत होती. एवढा जाडजूड खंड काखोटीला मारून न्यायला माणूस जरा लाजतो. बाकीचे लोक बाहेर पैसे देऊन बांधून घेत. आमच्या घरात तर बाइंडरच होता.

दर मे महिन्यात बाबा आमचे अंक छापखान्यात न्यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत बांधायचे. हिशेबाच्या वह्यांचं उरलेलं रेक्झिन, जाड पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरांत आमचं आडनाव. एक लाल खंड, एक हिरवा, एक निळा. तिन्ही खिडकीत ओळीने उभे केले की एखाद्या वकिलाचं घर वाटायचं.

एकच गोष्ट मला सलायची. बांधण्याआधी बाबा प्रत्येक अंकाचं कव्हर काढून टाकायचे. चकचकीत जाड कागद मध्ये आला की शिलाई फुगते, खंड सपाट उघडत नाही आणि त्या कागदाला खळही धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती रंगीत कव्हरं आई स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायची. आमच्या घरी तलवारी उपसलेले वीर तिखटामिठाच्या डब्यांखाली आडवे झालेले असत. गोष्ट कोणी लिहिली, चित्रं कोणी काढली, ती नावंही कव्हराच्या आतल्या बाजूला छापलेली असायची. तीही अर्थात फळीवर, पालथी.

अशात एका शनिवारी आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली. पुढच्या रविवारी सकाळी कॉमिक्सचे एक मोठे चित्रकार येणार, मुलांशी बोलणार आणि अंकांवर सह्या देणार. मी नाव वाचलं आणि तिथेच भावाचा हात घट्ट धरला. हे नाव मी कितीतरी कव्हरांच्या आत वाचलेलं होतं. खाली लाल खडूने नियम लिहिले होते. एका सभासद-कार्डावर दोनच अंक. बांधीव खंड आणू नयेत.

ग्रंथपाल काकांना मी कारण विचारलं. खंड आणला की मुलं दहा सह्या मागतात आणि रांग हलत नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, सगळे अंक नुकतेच बांधून झालेत, आमच्याकडे सुटं एकही नाही. ते म्हणाले, मग यायला हरकत नाही, नुसतं बघ.

नुसतं बघ! मी घरी आले ती धुमसतच. बाबा नुकते कामावरून येऊन चहा पीत होते. आजही आठवलं की लाज वाटते, पण मी सगळं त्यांच्यावर काढलं. म्हटलं, "तुमच्यामुळे झालं हे सगळं. कव्हरं फाडून ठेवलीत. आता आपली कॉमिक्स कुणी सही करायच्या लायकीची राहिली नाहीत."

आईने माझं नाव घेऊन दम भरला. बाबांनी बशी खाली ठेवली, उठून खिडकीतला लाल खंड काढला, सवयीने कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "खंड उसवूक येता. दोन खंयची व्हयी ती सांग." छापखान्यात ते मुंबईचं मराठी बोलायचे, पण घरी मालवणीच, त्यातही मन दुखावलं की जास्तच.

माझा राग तिथेच ओसरला. पण सही हवी होती, त्यामुळे "राहू दे बाबा" असं म्हणायचा मोठेपणा काही माझ्याकडून झाला नाही.

मग आठवडाभर निवड चालली. आधी प्रश्न हा, की यातली त्यांची चित्रं कोणती? नावं तर फळीवर गेलेली. मी आणि भाऊ जमिनीवर खंड पसरून बसायचो. भावाचं म्हणणं, घोडे चांगले असले की त्यांचेच. मला ते पटेना, घोडे सगळेच बरे काढतात. शेवटी मला कान सापडले. एका चित्रकाराच्या माणसांचे कान खाली जरा वळलेले असायचे, लोणच्यातल्या आंब्याच्या फोडीसारखे. राजा असो, चोर असो, कान तोच. फळीवरची कव्हरं उलटून नावं ताडून पाहिली आणि माझा अंदाज बरोबर निघाला. तीन दिवस आम्ही नुसते कान बघत होतो. भाऊ तर शेजाऱ्यांचेही बघायला लागला.

माझी निवड खरं म्हणजे कधीच झालेली होती. लाल खंडात मधोमध एका म्हाताऱ्या माहुताची गोष्ट होती. राजा लढाईला निघतो, सगळे हत्ती मागवतो. हा आपली हत्तीण देत नाही, गवताच्या गंजीमागे लपवतो. शिपाई दारात उभे आहेत, माहूत त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतोय, आणि त्याच चित्रात मागे गंजीतून सोंड बाहेर येऊन हळूच विहिरीवरची बादली शोधतेय. हे एक चित्र मी किती वेळा पाहिलं असेल, देव जाणे. काविळीत महिनाभर अंथरुणावर होते तेव्हा उशाशी हाच खंड होता. पण त्या अंकाचं कव्हर आईने कधीच फेकून दिलं होतं.

भावाला हव्या असलेल्या अंतराळाच्या गोष्टीसाठी हिरवा खंड उसवावा लागला असता. आईने त्याला बाजूला घेतलं आणि एकच खंड फुटू दे म्हणून समजावलं. तो मोठ्या मनाने कबूल झाला असं आई आजही सांगते. खरं कारण वेगळं होतं. तिखटाच्या डब्याखाली त्याला लाल खंडातल्या एका डाकूच्या गोष्टीचं कव्हर सापडलं होतं, जवळजवळ अख्खं. मधोमध डब्याचा गोल तेलकट डाग, डाकूच्या बरोबर पोटावर. पण कव्हर ते कव्हर! तो ते घेऊन घरभर नाचला. माझ्याकडे मात्र नुसती पानं. मी खूप जळले.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी लाल खंड उसवला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, पातळ सुरीने रेक्झिन पाठीवरून सोडवलं, एकेक टाका कापला. बांधताना त्यांचे हात भराभर चालत, उसवताना मात्र सावकाश चालत होते. पाठीवरची सोनेरी अक्षरांची पट्टी त्यांनी न दुमडता कपाटात ठेवली. माझा अंक वेगळा करून घडीत नव्या दोऱ्याने तीन टाके घातले, भावाच्या अंकाला कव्हर लावून दिलं. मी जवळ बसून दोरा ओवून देत होते. सॉरी म्हणायचं मनात होतं, पण तेवढं राहूनच गेलं.

रविवारी वाचनालयात ही गर्दी. पोरांच्या हातात करकरीत अंक, कव्हरं अशी चमकत होती की मी माझी पानं वहीत लपवून धरली. बाबा आम्हाला सोडायला आले होते, पण आत आले नाहीत. दाराबाहेर वडाच्या पारावर बसले.

चित्रकार बारीक, जाड भिंगांच्या चष्म्याचे, बोटांना शाई लागलेले. त्यांचे स्वतःचे कान अगदी साधे निघाले, याची भावाला फार निराशा झाली. सही करताना ते मान वर करत नव्हते. अंक आला, कव्हरावर सही, पुढचा. भावाचा अंक आला तेव्हा डागावर क्षणभर थांबले, हसले, आणि डाकूच्या पोटावरच सही केली.

मग मी वहीतून माझी पानं काढली. ग्रंथपाल काका म्हणाले, अगं, याला कव्हर कुठाय? आजूबाजूची दोन-चार पोरं हसली. मी खाली बघून घडाघडा सगळं सांगून टाकलं, माझे वडील बाइंडर आहेत, खंड बांधताना कव्हर काढावं लागतं, यावर नाव नाही पण हे तुमचंच आहे.

त्यांनी चष्मा वर सरकवला. "नाव नाही, मग माझं कशावरून?"

"कानांवरून," मी म्हटलं.

त्यांनी अंक पुढ्यात ओढला आणि पानं उलटायला लागले. सोंडेच्या चित्रापाशी थांबले. रांग मागून ढकलत होती, त्यांना घाई नव्हती. मग म्हणाले, "कव्हरं मी काढत नाही, बाळ. ती दुसरे एक जण काढतात. आतली बत्तीस पानं माझी. सकाळपासून मी दुसऱ्याच्या चित्रांवर सह्या करतोय." ग्रंथपाल काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चित्रकारांनी पहिल्या पानावर, उजव्या कडेला, खालपासून वरपर्यंत उभी अशी ऐसपैस सही केली आणि खाली इवलासा एक कान काढला. अंक परत देताना मधल्या टाक्यांवर बोट ठेवून म्हणाले, "वडिलांना सांग, शिलाई फार छान आहे."

मी धावत बाहेर आले. बाबांना सगळं सांगितलं, एका दमात, बहुधा उलटसुलट. मग त्यांनी विचारलं, "कितकी पाना म्हणालो तो?"

"बत्तीस. सगळी तुम्ही ठेवलीत," मी म्हटलं. आणि मग सॉरीही म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि आम्हा दोघांना उसाचा रस पाजला. भाऊ रस पिताना रडत होता, त्याची सही दुसऱ्याच्याच डाकूवर झाली म्हणून.

दोन दिवसांनी बाबांनी दोन्ही अंक आणि लाल खंडाची बाकीची पानं छापखान्यात नेली. मला एकच धास्ती होती. पुन्हा बांधलेला खंड तिन्ही बाजूंनी यंत्रावर कापतात, त्याशिवाय कडा एकसारख्या होत नाहीत. आणि सही अगदी काठावर होती. ती कापू नका, हे सांगायचं मी विसरले. दिवसभर शाळेत माझं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले, पिशवीतून लाल खंड काढून माझ्या हातात दिला. पाठीवर तीच सोनेरी अक्षरं. मी त्यांच्यासारखाच कडेवरून अंगठा फिरवला. कड गुळगुळीत, सरळ, आणि मधोमध अंगठा अडकला. एकच पान बाकीच्यांपेक्षा बोटभर बाहेर आलं होतं. कापण्याआधी त्यांनी ते आत दुमडून ठेवलं होतं. सही अख्खी होती, कानही होता.

छापखान्यातले सगळे हसले असणार. एवढा जुना बाइंडर आणि असा शेपटीवाला खंड! मी बाबांकडे पाहिलं. ते चहाच्या बशीत बघत होते.

"अंगठो अडाकता मां?" ते म्हणाले. "अडकांदे."